किंशुक ठेवू का, मावशी?

मावशी, नमस्कार.

मी नागपुरात मानेवाड्यात राहते. होळीच्या आठवडाभर आधी मला मुलगा झाला. मृग नक्षत्र, चौथा चरण, म्हणून अक्षर निघालं ‘की’. बारशाला नणंदेनं कानात ‘किसन’ सांगितलं, पाळणा हलला, घुगऱ्या वाटून झाल्या. पण शाळेत घालायचं नाव अजून ठरायचंय. किशोर, किरण ही नावं प्रत्येक घरात झालीत. मोबाईलवर शोधलं तर कियान, कियांश, किव्यांश असलंच काही निघतं. शेवटी यांनी ‘किंशुक’ सुचवलं. आमचं लग्न ठरलं तेव्हा उमरेड रोडला पळस असा फुलला होता की गाडी थांबवून आम्ही फोटो काढले होते. मला नाव फार आवडलं. पण सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, संस्कृतचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी लगेच म्हटलं, ‘विद्याहीना न शोभन्ते निर्गन्धा इव किंशुकाः. नातवाचं नाव बिनवासाच्या फुलावरून ठेवता?’ हे म्हणतात, अर्थाला कोण विचारतं, ठेवून टाकू. सासूबाई म्हणतात, या दोघांचं मिटेपर्यंत मी त्याला बंडूच म्हणणार. अडीच महिने झाले. मी कुणाच्या बाजूनं बोलू?

बंडूची आई

~

बंडूच्या आई,

तुझं पत्र आलं तेव्हा नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ रणरणते दिवस, लागला होता. भरदुपारी कूलरपुढे बसून वाचलं आणि मन आधी अण्णांकडेच झुकलं. नातवाच्या नावापायी जो माणूस सुभाषित काढून बसतो, त्याचा जीव नातवात अडकलाय हे उघड आहे. तेव्हा त्यांच्याशी भांडायचं नाही. उत्तर द्यायचं, पण त्यांच्याच शाळेतलं.

श्लोक त्यांनी बरोबर म्हटला. हितोपदेशात आहे, चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिश्लोकांतही आहे. रूप आहे, तारुण्य आहे, घराणं मोठं आहे, पण विद्या नाही, अशी माणसं बिनवासाच्या पळसफुलांसारखी, शोभत नाहीत. ठीक. पण त्याच चाणक्यनीतीत आणखी एक श्लोक आहे, तोही अण्णांना पाठ असणार. सोन्याला वास नाही, उसाला फळ नाही, चंदनाला फूल नाही. विधात्याला चार शब्द सुचवणारा तेव्हा कुणी भेटला नव्हता म्हणे. मग सुवर्णा नाव ठेवणं बंद करायचं? चंदन बंद? केतकीला तर महादेवाचा शाप, ते फूल त्याच्या पूजेला चालत नाही. तरी धरमपेठेतल्या एखाद्या गल्लीत ‘केतकीऽ’ अशी हाक मार, दोन खिडक्या तरी उघडतील. सुभाषितकारांचा धंदाच तो. झाड दिसलं की खोड काढायची.

मधला मार्ग म्हणून कुणीतरी तुला ‘पलाश’ सुचवेल. तेच झाड, तोंडाला सोपं. ठेवायला हरकत काहीच नाही, पण कोश उघडून अर्थ तोलायचाच म्हटला तर तिथेही गोम आहे. पल म्हणजे मांस, ते खाणारा तो पलाश, म्हणून राक्षस असाही एक अर्थ संस्कृत कोशात दिलेला आहे. फूल बिनवासाचं म्हणून टाळायला जावं आणि पाळण्यात राक्षस निजवावा, अशातली गत.

पळसाची बाजू घ्यायला अण्णांना घरापासून फार लांब जायला नको. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं ज्या रामटेकबद्दल आपण लहानपणापासून ऐकलं, तिथे कालिदासाच्या नावानं संस्कृत विद्यापीठ उभं आहे. त्या कालिदासानं कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात पळसाच्या अर्धवट उमललेल्या कळ्या बघितल्या आणि त्यांना शब्द दिला ‘बालेन्दुवक्र’. बालचंद्रासारख्या वाकड्या आणि लालभडक. तुझा बंडू होळीच्या आठवडाभर आधीचा, म्हणजे शुक्ल पक्षातला, चंद्र वाढता असतानाचा. आणखी काय पाहिजे? एक मात्र सांगून ठेवते. अण्णांपुढे तेवढ्या एका शब्दावर थांबायचं. त्या कळ्या पुढे कशासारख्या दिसतात म्हणून सांगितलंय, ते सुनेनं सासऱ्याला समजावण्यासारखं नाही. त्यांना ठाऊक असेल, ते मिशीतल्या मिशीत हसतील आणि तुझं अर्धं काम तिथेच होईल.

शिवाय नावाची फोड बघ. किं शुकः? हा काय पोपट आहे? निष्पर्ण फांदीवर लाल, वाकड्या चोचीचं काहीतरी बसलंय आणि बघणारा चकलाय. आपल्या बोलीत, ‘काय बे, पोपट हाय का?’ अख्खं नाव म्हणजे एक प्रश्न. मला तर हे फार आवडलं.

आता तुझ्या नवऱ्याकडे वळते. ‘अर्थाला कोण विचारतं’ हे त्यांनी नागपुरात राहून म्हणावं, याचं मला नवल वाटलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला कचरी, धोंडी असली नावं आली होती, त्या घरांतून पुढे सिद्धार्थ, राहुल, प्रज्ञा, करुणा अशी नावं पाळण्यात आली. ती हौसेनं नव्हे, विचार करून ठेवलेली. नावाचा अर्थ काय असतो, हे त्या आयांना विचारावं. आणि गंमत अशी की त्यातल्याच ‘राहुल’चा परंपरेनं सांगितलेला अर्थ बंधन, बेडी. सिद्धार्थाला मुलगा झाल्याचं कळलं तेव्हा पायात बेडी पडली असं त्याला वाटलं, म्हणून राहुल. गावोगावी ते नाव ठेवलं गेलं. कुणाच्या पायात बेडी दिसली? कोशातला अर्थ मागे राहिला आणि घरानं ज्या मनानं ते नाव ठेवलं तो अर्थ पुढे चालत आला.

उलटंही होतं. धोंडू, दगडू ही नावं काही घरांत फार प्रेमानं ठेवलेली असत. आधीची लेकरं गेलेली, मग याला तरी नजर लागू नये, मृत्यूनं याच्याकडे दगड समजून पाठ फिरवावी, म्हणून. तो दगडू आईचा जीव की प्राण. आणि ‘नकुशी’ बघ. अक्षरं नाजूक, ऐकायलाही वाईट नाही. पण ठेवणाऱ्याच्या मनात होतं ‘ही नको होती’, आणि ते त्या मुलींना पहिलीच्या हजेरीपासून कळत होतं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींची नावं समारंभ करून बदलली. म्हणजे अर्थाचं वजन असतं, नाही असं नाही. फक्त ते ठेवणाऱ्यानं मनात काय धरलं होतं त्यावर पडतं. तुमच्या मनात उमरेड रोड आहे. नवरोजींना सांग, तुम्ही अर्थ बघूनच नाव सुचवलंत, आता भांडणात जिंकायला तो नाकारू नका.

मोबाईलवरच्या याद्यांबद्दल दोन वाक्यं लिहून सोडते. तिथे ‘आरव’चा अर्थ शांत असा हमखास सापडतो, संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलका. (मूल दोन वर्षांचं झालं की कोणता अर्थ खरा ते आईबापांना कळतंच.) कियान फारसीतलं, तिकडच्या जुन्या राजघराण्याशी जोडलेलं, छानच आहे, पण मराठी यादीत त्याच्यापुढे देवाचा प्रसाद वगैरे काहीही लिहिलेलं असतं. आणि किव्य म्हणजे काय, ज्याचा अंश किव्यांश, हे मला कुठल्याही कोशात मिळालेलं नाही. तुम्ही निदान असं नाव निवडताय जे दाखवायला बोट करता येतं. ते झाड बघ, तो तू.

अक्षराचा प्रश्नही खरं तर सुटलेला आहे. पत्रिकेपुरता ‘किसन’ नणंदेनं कानात सांगून झालाय, व्यवहारातलं नाव ‘की’वरूनच हवं असं बंधन उरलं नाही. त्यातून तुम्हाला ‘की’ तरी आलं. आर्द्रेच्या एका चरणाला ‘ङ’ येतं. त्या आईबापांनी काय करावं?

हे सगळं लिहून झाल्यावर आता माझी खरी हरकत. ती अण्णांना सुचली नाही, तुलाही नाही, याचं आश्चर्य वाटतं. तुम्ही तिघंही नाव वाचताय. ते एकदा ऐका. किं-शुक. तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावरचं पोट्टं सगळ्यात आधी काय करेल? ‘शुक् शुक्! ए शुक् शुक्!’ रस्त्यावर अनोळखी माणसाला थांबवायला जो आवाज काढतात, तो तुझ्या पोराला दहावीपर्यंत चिकटेल. पोपटाचा अर्थ कळला तर ‘पोपट झाला रे’ हे वेगळं. नागपूरची पोट्टी सोडतात थोडीच?

याच्यासाठी नाव टाकायचं का? मी टाकणार नाही. पोरं ‘अमित’लाही काहीतरी काढतातच. पण अशा वेळी घरचं छोटं नाव आईबापांनी आधीच मुरवून ठेवावं, म्हणजे मित्रांना आयतं मिळतं आणि ते नवं शोधायला जात नाहीत. किशू म्हणा, किंशा म्हणा. बंडूही वाईट नाही, पण तो सासूबाईंचा राहू दे.

दुसरी गोष्ट, इथल्या तोंडात नाव कसं बसतं ते बघायचं. आपलं शहर अर्धं मराठी, अर्धं हिंदी. श, स, ह यांच्या आधीचा अनुस्वार आपण मराठीत नाकातून, थोडा ‘व’च्या अंगानं म्हणतो. संशय, वंश, सिंह म्हणून बघ. तसं हे आपल्या तोंडी ‘किंव्शुक’ होतं. हिंदीत तेच ‘किन्शुक’. गावाकडची मावशी ‘किसूक’ म्हणेल. मी प्रयोग करून पाहिला. गोकुळपेठ बाजारात माझा नेहमीचा भाजीवाला आहे, त्याला म्हटलं, आमच्या ओळखीत मुलाचं नाव किंशुक ठेवताहेत. तो मेथीची जुडी हातात धरून म्हणाला, ‘किसका सुख, माताजी?’ मी म्हटलं, पळसाचं फूल. ‘अच्छा, टेसू! तो टेसूच रखो ना, होली में रंग भी बनता है.’ त्याला झाड ठाऊक होतं, रंग ठाऊक होता, फक्त हे नाव नव्हतं. दर नव्या माणसाला हा संवाद होणार, आणि तो बंडूला आयुष्यभर करावा लागणार. काही मुलांना त्यात मजा येते, काही वैतागतात. तो कसा निघेल ते आज कुणालाच सांगता यायचं नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझं स्वतःचं नाव ‘ऋ’नं सुरू होतं. मराठीत त्याचा रु, हिंदीत रि. दहावीच्या गुणपत्रिकेवर आर-यू, नोकरीच्या कागदांवर आर-आय, आणि एका पासबुकावर मधे एच घालून काहीतरी तिसरंच. निवृत्त होताना एका बँकेतल्या साहेबांनी तिन्ही कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि म्हणाले, ‘मॅडम, या तिघी एकच बाई आहेत याचं प्रतिज्ञापत्र लागेल.’ स्टॅम्प पेपर, नोटरी, दोन साक्षीदार, रणरणत्या मे महिन्यात चार खेटे. वडिलांनी हौसेनं ठेवलेल्या नावाचा तेवढाच मला खरा त्रास झाला. चिडवाचिडवीचं आता काही आठवतसुद्धा नाही. आपल्या गावात प्रज्ञा नावाच्या बायका पावलोपावली भेटतील, त्यांना विचार. डी-एन-वाय-ए लिहावं तर वाचणारा अडखळतो, जी-वाय-ए लिहावं तर मराठी आईला ते आपलं वाटत नाही.

म्हणून जे ठरवायचं ते जन्मदाखल्याच्या आधी ठरवा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती दवाखान्यामार्फत झालीच असेल, आणि ती बाळाच्या नावाशिवाय होते. नाव नंतर घालता येतं, नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत शुल्क न देता, त्यापुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे अडीच महिने झाले म्हणून घाबरून जाऊ नकोस, अजून पुष्कळ वेळ हातात आहे. पण एकदा नाव लिहिलं गेलं की आवडलं नाही म्हणून बदलता येत नाही. दाखल्यात दुरुस्ती होते ती चुकीची. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे. तेव्हा महापालिकेच्या झोन ऑफिसात अर्ज देताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने स्वतः भर. इंग्रजीत के-आय-एन-एस-एच-यू-के, एकदाच, सगळीकडे तेच. आधारलाही, लसीच्या कार्डालाही. मराठीत ‘कि’वरचा अनुस्वार बघून घे आणि ‘शु’ ऱ्हस्व आहे ना ते बघ. शूक दीर्घ झाला की पोपट उडाला, त्याचं झालं गव्हाच्या लोंबीवरचं कुसळ. शूकधान्य म्हणतात ना, तो शूक. अण्णांना हे दाखवायला दे. तपासायचं काम त्यांच्याइतकं चोख कुणी करणार नाही, आणि निवृत्त मास्तरांच्या हातात लाल पेन दिलं की ते आपोआप आपल्या बाजूला येतात.

नाव लिहिताना आणखी एक, तुला आवडेल असं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्याच्या सरकारी कागदांवर आईचं नावही येतं, बाळाच्या नावामागोमाग, वडिलांच्या आधी. म्हणजे ‘किंशुक’च्या शेजारी पहिलं नाव तुझं. आडनावासकट चारही नावं सलग मोठ्यानं म्हणून बघ. तुझं नाव ‘क’वरून असेल तर मात्र जीभ अडखळेल, ते आत्ताच बघितलेलं बरं.

‘कुणाच्या बाजूनं बोलू’ असं विचारलंस, त्याचं उत्तर: कुणाच्याच नाही. अण्णांशी बोलायचं काम त्यांच्या मुलाचं आहे. सुनेनं श्लोकाला श्लोक दिला की तो उद्धटपणा ठरतो, मुलानं दिला की शास्त्रार्थ होतो. मी वर लिहिलेलं सोन्या-चंदनाचं आणि कालिदासाचं नवरोजींकडून पाठ करून घे, एका रविवारी सकाळी चहाच्या वेळी बोलू दे. आणि शेवटी त्यांनी विचारावं, ‘अण्णा, तुमच्या श्लोकात दोष फुलाला नाही, विद्या नसण्याला दिलाय. याला रोज संध्याकाळी शिकवायला कोण बसेल?’ मग गप्प बसावं. अण्णा लगेच हो म्हणणार नाहीत. दोन-तीन दिवस जातील, पेपर वाचता वाचता ‘हूं’ करतील. तेवढे दिवस जाऊ दे.

त्यांनी तरीही नाहीच म्हटलं तर? तर तुम्ही दोघं आईबाप आहात, ठेवा. पण झोन ऑफिसात जायच्या आधी त्यांना सांगून जा. दाखला हातात पडल्यावर आजोबांना नातवाचं नाव कळावं, असं करू नका.

आणि सासूबाईंना एक विचार. तुझ्या बाळंतपणाच्या लाडवांचं सामान इतवारीतून आणलं असेल, तर डिंकाबरोबर कमरकसची एखादी पुडी होती का? लालसर काळपट, काचेसारखे खडे. तो पळसाचाच गोंद. होती म्हणाल्या, तर अण्णांना तेवढं सांग: हा पोट्टा अडीच महिने पळस पिऊनच वाढतोय.

तुझी,
मावशी